भरतीची धाव आणि थांबलेली पाळी

विहारामागच्या मैदानावर पहाटे साडेपाचला मुली धावताना दिसतात. आमच्या लहानपणी हे दृश्य नव्हते. त्या वेळी मैदानावर मुलगे असत आणि मुली हंडे घेऊन नळाच्या रांगेत. आता पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. तिन्ही मिळून ५० गुण. चार-पाच सेकंदांनी गुण जातात आणि गुण गेला की यादीतून नाव जाते, हे या मुलींना पाठ आहे. त्यांनी धावावे, अजून जोरात धावावे, असेच आम्हांला वाटते. म्हणूनच हा लेख लिहीत आहोत.

या पानाचे काम आम्ही तिघी पाहतो. एक दवाखान्यातून निवृत्त झालेली सिस्टर, एक अंगणवाडी सेविका आणि तिसरी लिहून काढणारी. दोन वर्षांपूर्वी महिला मंडळाची बैठक संपल्यावर एक आई सिस्टरच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून म्हणाली, "सिस्टर, पोरीची पाळी चार महिने आली नाही. मला खरं काय ते सांगा." तिने मुलीचा मोबाईल तपासला होता. मैत्रिणींकडे चौकशी केली होती. ती रात्री झोपत नव्हती. मुलगी एकोणीस वर्षांची, भरतीची तयारी करणारी. आई संशय घेते म्हणून तिने घरात बोलणेच सोडले होते.

सिस्टरने मुलीला विचारून लघवीची तपासणी केली. गरोदरपण नव्हते. आई तिथेच पदर तोंडाला लावून रडली. बहुतेक घरांत गोष्ट इथेच संपते. पोटात काही नाही ना, मग झाले, येईल पाळी आपोआप. या घरातही तसेच झाले. पुढे दोन महिन्यांनी मुलीची नडगी दुखू लागली. एकाच जागी, बोट ठेवले की कळ यायची. ती बाम चोळून, पट्टी बांधून धावत राहिली. शेवटी अस्थिरोगतज्ज्ञाने हाडाला बारीक चीर गेल्याचे सांगितले. सहा आठवडे धावणे बंद. त्यातच मैदानी चाचणीची तारीख येऊन गेली.

थांबलेली पाळी आणि चिरलेले हाड हे एकाच दुखण्याचे दोन भाग होते. पहिला भाग सहा महिने आधी दिसला होता. तो आम्हांलाही तेव्हा ओळखता आला नाही, हे इथे कबूल करतो. आम्हीही गरोदरपण नाही म्हणून निःश्वास टाकला आणि पुढे चौकशी केली नाही.

पाळीचा हुकूम कोठून सुटतो

पाळी गर्भाशयातून येते म्हणून दोष गर्भाशयात शोधला जातो. पण तिचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात तो साधारण तास-दीड तासाने एका संप्रेरकाचा, म्हणजे हार्मोनचा, ठोका देतो. तो ठोका मिळाला की खालची पिट्युटरी ग्रंथी अंडाशयाला निरोप पाठवते. अंडाशयात स्त्रीबीज पिकते, इस्ट्रोजेन तयार होते, गर्भाशयाचे अस्तर वाढते, आणि गर्भ राहिला नाही तर ते अस्तर गळून पाळी येते. ठोके मंदावले की पुढचे सगळे अडते.

हायपोथॅलॅमस फक्त पाळीचे काम पाहत नाही. भूक, झोप, अंगाची उष्णता, मनावरचा ताण यांचीही खबर त्याच्याकडे येते. शरीरात किती अन्न येते आणि किती खर्च होते, याचा हिशेब त्याला सतत कळत असतो. ज्या घरात महिन्याचा पगार अपुरा पडतो त्या घरातली बाई काय करते? भाडे, रेशन, मुलांची फी आधी. घराला रंग देणे पुढच्या वर्षी. शरीरही तेच करते. हृदय, फुप्फुसे, मेंदू, पायांचे स्नायू यांना आधी वाटा मिळतो. मूल वाढवण्याची तयारी हे त्याच्या दृष्टीने सध्या परवडणारे काम नाही, म्हणून ते थांबवते. शरीराने काटकसर केलेली असते. यंत्र मोडलेले नसते, आणि हीच दिलासा देणारी गोष्ट आहे. मात्र काटकसर फार काळ चालली तर नुकसान होते.

पूर्वी असे मानले जाई की अंगावरची चरबी एका मर्यादेखाली गेली की पाळी बंद होते. चरबीचा संबंध आहे, पण गोष्ट तेवढीच नाही. एखादी मुलगी दिसायला बारीक नसते, वजनाच्या तक्त्यात बरोबर बसते, तरी तिची पाळी जाते. आमच्या या मुलीचे वजन ५३ वरून ४८ झाले होते. तिच्या उंचीला ४८ किलो कमी म्हणता येत नाही. त्यामुळे कोणाला शंकाच आली नाही.

खरा प्रश्न असा की व्यायामाचा खर्च वजा करून शरीराच्या रोजच्या कामाला किती ऊर्जा उरते. अमेरिकेत अ‍ॅन लाउक्स या संशोधिकेने २००३ साली नियमित पाळी असलेल्या तरुण स्त्रियांवर हे तपासले. चरबी वगळून शरीराचे जे वजन राहते त्याच्या दर किलोला दिवसाला ४५ कॅलरी उरल्या तर संप्रेरकांचे ठोके नीट राहतात. ३० च्या खाली गेल्या तर ते बिघडू लागतात, आणि तेही पाचच दिवसांत. वजनकाट्यावर काही दिसण्याच्या आधी मेंदूने काटकसर सुरू केलेली असते. ३० हा आकडा प्रत्येकीला तंतोतंत लागू पडत नाही. कोणाची पाळी आधी अडते, कोणाची उशिरा. पण हिशेब करायला तो उपयोगी आहे.

एका दिवसाचा हिशेब

४८ किलोची मुलगी घेऊ. चरबी वगळली तर तिचे वजन सुमारे ३८ किलो धरू. ३८ ला ४५ ने गुणले की १७१० कॅलरी होतात. एवढ्या कॅलरी व्यायामाचा खर्च सोडून शिल्लक हव्यात. ३० ने गुणले तर ११४०. याखाली धोका.

आता ती खाते काय? पहाटे काही नाही. धावून आल्यावर चहा आणि चार बिस्किटे. कॉलेजच्या डब्यात दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी. संध्याकाळी चहा आणि मूठभर मुरमुरे. रात्री एक भाकरी, डाळ, थोडा भात. सगळे मिळून अंदाजे ११५० कॅलरी. पाच किलोमीटर धावायला तिच्या वजनाला सुमारे २४० कॅलरी लागतात, वर उड्या, जोर, गोळ्याचा सराव. ३५० धरू. शिल्लक राहिल्या ८००. भागिले ३८, म्हणजे २१.

मुलगी उपाशी नाही. दोन्ही वेळा जेवते. तिला विचारले तर ती म्हणेल, "मी तर पोटभर खाते." ते खरेही असते, कारण जोरात धावल्यावर काही तास भूक मरते. तरी शरीराच्या वहीत ती उपासमारीत आहे.

तूट भरून काढायला परदेशी पावडरचा डबा लागत नाही. एक मूठ शेंगदाणे, एक मूठ फुटाणे, गुळाचा खडा, एक केळे, दोन उकडलेली अंडी आणि रात्री एक भाकरी जास्त, एवढे वाढवले की साधारण ७५० कॅलरी वाढतात. मग व्यायाम वजा करून दर किलोला ४१ च्या आसपास उरतात. चित्र बदलायला एवढे पुरेसे असते. पहाटे निघताना अर्धे केळे किंवा गूळ-शेंगदाणे, आणि परत आल्यावर तासाभरात खरे खाणे, ही वेळ सांभाळली तर अजून चांगले.

आपल्या घरांत जे जुने पदार्थ आहेत त्यांची लाज बाळगण्याचे कारण नाही. सुकट, बोंबील, कलेजी, वजडी, हरभऱ्याची उसळ, अंबाडीची भाजी, शेवग्याचा पाला, तिळाची चटणी, नाचणीची भाकरी. यांत प्रथिने आहेत, लोह आहे, आणि काट्यांसकट खाल्लेल्या सुकटीत, तिळात, नाचणीत भरपूर कॅल्शियम आहे. मोबाईलवर कोणी तरी सांगते, भाकरी बंद करा, रात्री फक्त सॅलड. तो सल्ला दिवसभर वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या माणसासाठी असेल. पहाटे पाच किलोमीटर धावणाऱ्या आणि नंतर दोन हंडे पाणी वर चढवणाऱ्या मुलीसाठी नाही.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहितो. या मुलीचा मोठा भाऊही भरतीची तयारी करत होता. त्याच्यासाठी रोज चार अंडी आणि अर्धा लीटर दूध येत असे. बहिणीला कोणी नाही म्हटले नव्हते. तिने मागितले नाही आणि कोणाला सुचले नाही. आईचे तर जेवण नेहमीप्रमाणे सर्वांच्या शेवटी, उरेल त्यात. सिस्टरने विचारले तेव्हा वडील म्हणाले, "पोराला ताकद लागती ना." मैदान दोघांचे एकच, पहाट एकच. वडील माणूस म्हणून वाईट नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अंड्यांचा अख्खा ट्रे आणायला सुरुवात केली. पण हे त्यांना कोणी तरी सांगावे लागले. आपल्या घरात डबे कसे भरले जातात हे आज रात्री एकदा पाहून घ्यावे.

हाडांचे काय होते

पाळी गेली तर बरेच झाले, पॅडचा खर्च वाचला, धावायला मोकळीक, असे कितीतरी मुली आम्हांला हसत सांगतात. या मुलीच्या प्रशिक्षकाने तर "पाळी गेली म्हणजे तयारी पक्की" असे सांगितले होते. हे साफ चुकीचे आहे. पाळी न येण्यामागे इस्ट्रोजेन कमी झालेले असते, आणि इस्ट्रोजेन हाडांना धरून ठेवणारे संप्रेरक आहे. मुलींच्या हाडांची बहुतेक भरणी विशीच्या आत होते. बँकेत पैसे टाकण्याचे वय तेच. नेमके तेव्हा खाते रिकामे होऊ लागले तर पुढे भरून काढणे कठीण.

बार्बरा ड्रिंकवॉटर या अमेरिकन संशोधिकेने १९८४ साली खेळाडू मुलींच्या हाडांची मोजणी प्रसिद्ध केली. नियमित पाळी असलेल्या १४ आणि पाळी थांबलेल्या १४ जणी. दोन्ही गटांचे वय साधारण पंचविशीचे. पाळी थांबलेल्यांच्या मणक्यांची घनता सरासरी पन्नाशीच्या बाईएवढी भरली. रोज धावणाऱ्या, तंदुरुस्त मुली, आणि मणके पन्नाशीचे. त्याआधी व्यायामाने हाडे मजबूतच होतात असे सगळे धरून चालत. व्यायामाने होतातच, पण खाणे आणि पाळी जागेवर असेल तर.

पायाच्या हाडाला बारीक चीर जाते ती यामुळेच. सुरुवातीला एक्स-रेमध्ये ती दिसतही नाही, म्हणून "काही नाही, लचक आहे" असे सांगून मुलीला परत पाठवले जाते. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर एका बोटाएवढ्या जागेत दुखणे, धावताना वाढणे, मग चालतानाही आणि शेवटी रात्री पडल्यावरही दुखणे, असे असेल तर धावणे थांबवून डॉक्टरांकडे जावे. आणि पाळीचे आपण होऊन सांगावे. हाडाचा डॉक्टर पाळीविषयी विचारेलच असे नाही.

हाडांखेरीज थकवा न जाणे, सारखी सर्दी-ताप, चिडचिड, झोप न लागणे, केस गळणे, आणि सराव वाढवूनही वेळ न सुधारणे हेही त्यातच येते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या सगळ्याला मिळून खेळातील ऊर्जेच्या तुटीचे दुखणे असे नाव दिले. ते मुलांनाही होते. त्यांना पाळी नसल्याने आधी इशारा मिळत नाही इतकेच. मुलींना दर महिन्याला एक फुकटचा अहवाल मिळतो. तो वाचला पाहिजे.

वजन जास्त असलेल्या भगिनींसाठी

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे व्यायाम करू नये, वजन कमी करू नये. तसे अजिबात नाही. वजन फार वाढल्यानेही पाळी बिघडते, आणि आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत हा प्रकार वाढत चालला आहे. शिवणकामाला किंवा पॅकिंगला बसून दहा तास, जेवण अवेळी, चालणे फक्त स्टेशनपर्यंत. दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी नाही, आली की दहा दिवस थांबत नाही, हनुवटीवर केस, मानेवर काळपट पट्टा, चेहऱ्यावर पुळ्या. डॉक्टर पीसीओएस किंवा पीसीओडी म्हणतात. इथे मेंदूचे ठोके मंद नसतात, उलट जलद असतात, आणि शरीरातले इन्सुलिन वाढलेले असल्याने स्त्रीबीज वेळेवर पिकत नाही.

अशा वेळी वजन कमी करणे हेच औषधाइतके महत्त्वाचे असते. फार नाही, पाच ते दहा टक्के. ७० किलोच्या बाईने साडेतीन ते सात किलो घटवले तरी अनेकींची पाळी पुन्हा लयीत येऊ लागते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे, साखरेचा चहा पाचवरून दोनवर, बाहेरचे तळलेले कमी, ताटात डाळ-उसळ जास्त. आठवड्याला अर्धा किलो उतरला तर उत्तम.

घाई मात्र नको. लग्न ठरले, दोन महिन्यांत दहा किलो कमी करायचे, म्हणून एक वेळ काढा पिऊन राहायचे. असे केले की तीच पीसीओएसवाली मुलगी उपासमारवाल्या गटात जाते. पाळी आधीही नव्हती, आताही नाही, पण कारण बदललेले असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. पोट कमी करण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांत काय असते हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्या घेऊ नयेत.

आणि न करता वजन उतरत असेल तर

धावत नाही, खाणे कमी केले नाही, तरी वजन उतरते आहे आणि पाळीही गेली. हे वेगळे प्रकरण आहे आणि ते आधी तपासायचे. वस्त्यांमध्ये क्षयरोग, म्हणजे टीबी, अजून आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, भूक नाही, ही लक्षणे सर्वांना माहीत असतात. पण टीबी गर्भाशयाला आणि गर्भनलिकांनाही होतो, तेव्हा खोकला नसतो. पाळी फार कमी होते किंवा बंद होते, ओटीपोटात दुखते, मूल राहत नाही. तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषण आहारासाठी रुग्णाच्या खात्यात महिन्याला पैसे जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली आहे. थायरॉईड आणि मधुमेहानेही वजन उतरते आणि पाळी बिघडते.

डॉक्टरांकडे केव्हा आणि काय सांगायचे

पाळी नियमित येत होती आणि तीन महिने आली नाही, तर जावे. पंधरा वर्षे पूर्ण झाली आणि पाळी सुरूच झाली नाही, तरी जावे. पाळी सुरू होऊन पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होते, ४५ दिवसांपर्यंत गेली तरी लगेच घाबरू नये. मोठ्या वयात २१ ते ३५ दिवसांचे अंतर ठीक.

पहिली तपासणी गरोदरपणाचीच असते, मुलगी अविवाहित असली तरी. तो आरोप नाही, ती डॉक्टरांची पद्धत आहे. कीट आशाताईंकडे मिळते. त्यानंतर हिमोग्लोबिन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन या रक्ताच्या तपासण्या आणि गरज पडल्यास सोनोग्राफी. सगळे अहवाल नॉर्मल आले तरी "काहीच नाही" असा अर्थ नाही. ऊर्जेच्या तुटीत अहवाल बहुधा नॉर्मलच येतात. म्हणून किती धावता, किती खाता, वजन सहा महिन्यांपूर्वी किती होते, हे कागदावर लिहून न्यावे.

पुष्कळ ठिकाणी पाळी आणण्यासाठी गोळ्या लिहून देतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होतो. तो गोळ्यांमुळे होतो, मेंदूचे ठोके परत आले म्हणून नाही. मुलीला वाटते बरी झाले आणि खाण्याकडे दुर्लक्ष होते. गोळी द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण "कारण सापडले का?" एवढे विचारण्याचा आपला हक्क आहे.

विवाहित भगिनींसाठी दोन गोष्टी. अंतरा इंजेक्शन घेतल्यावर पाळी बंद होऊ शकते. ते त्या औषधाचे काम आहे, या लेखातल्या उपासमारीचे नाही. आणि व्यायाम किंवा वजन घटल्याने पाळी थांबली असेल तर दिवस राहणारच नाहीत असे समजू नये. पाळी परत येण्याच्या आधी स्त्रीबीज सुटते, त्यामुळे रक्त न दिसताच गर्भ राहू शकतो.

आम्हांला नेहमी विचारतात ते

पाळीत धावावे का? धावावे. अंग दुखत असेल तर हलके धावावे किंवा चालावे, त्याने बहुतेकींचे पोट दुखणे कमीच होते. पाळीत धावल्याने गर्भाशय सरकते ही अफवा आहे.

चाचणीच्या दिवशी पाळी येऊ नये म्हणून मेडिकलमधून गोळी आणून घेतली तर चालेल का? मनाने नाही. त्या गोळ्या सर्वांना चालत नाहीत. तारीख कळताच डॉक्टरांना विचारावे.

रक्त कमी असेल तर? भारतात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये ५७ टक्के जणींना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. रक्त कमी असताना धाव सुधारत नाही. शाळेत, अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी मुली फेकून देतात हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ती जेवणानंतर घ्यावी म्हणजे मळमळत नाही, वर लिंबू घ्यावे आणि चहा तासभर टाळावा.

पौर्णिमेला अष्टशील घेतले तर दुपारनंतर जेवता येत नाही, मग? महिन्यातून एका दिवसाने पाळी बिघडत नाही. त्या दिवशी सराव बंद ठेवावा आणि बारा वाजण्याच्या आत भरपेट जेवावे. वर्षावासात रोज एकवेळ जेवून शिवाय धावायचे असे कोणी ठरवले असेल तर ते करू नये. उपासमारीने अंग झिजवण्याचा मार्ग तथागतांनी स्वतः करून पाहिला आणि सोडला, हे आपण मुलांना शिकवतोच.

धावणे पूर्ण बंद करावे लागते का? हाडाला चीर नसेल तर सहसा नाही. खाणे वाढवावे, आठवड्यात दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, काही महिने सराव थोडा कमी ठेवावा, झोप सात-आठ तास. परीक्षेच्या धास्तीनेही ठोके मंदावतात, त्यामुळे रात्री दोनपर्यंत अभ्यास आणि पाचला मैदान हे जमणारे नाही. पाळी परत यायला बहुधा काही महिने लागतात, कोणाला वर्षही. आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडून देऊ नये.

विटाळ आपल्या घरांनी धम्मदीक्षेबरोबर सोडला. पाळीविषयी बोलण्याचा संकोच मात्र पुष्कळ घरांत अजून शिल्लक आहे, मुलीच्या आणि वडिलांच्या मध्ये तर फारच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला छोटी खूण करावी. कोणी विचारले तर सांगावे. आमच्या एका वाचक भगिनीच्या घरी मुलीचा भाऊच खूण विसरली का म्हणून आठवण करतो.

त्या मुलीचे विचाराल तर खाणे वाढवल्यानंतर पाचव्या महिन्यात तिला पाळी आली. पहिल्यांदा फक्त दोन दिवस, थोडेसे. तिच्या आईने ती बातमी सिस्टरला फोन करून अशी सांगितली की पलीकडे निकाल लागला असावा असे वाटले. वजन ५१ झाले आहे. त्या वर्षीची भरती गेली, ती परत मिळत नाही, आणि तिच्या बरोबरीची एक जण आज वर्दीत आहे हे तिला रोज दिसते. गेल्या आठवड्यात ती ८०० मीटर आजारपणाच्या आधीपेक्षा सहा सेकंद लवकर धावली. पुढच्या चाचणीची वाट पाहते आहे.

पुढच्या अंकात हिमोग्लोबिनचा अहवाल घरी कसा वाचायचा ते पाहू. ज्यांच्याकडे जुने अहवाल असतील त्यांनी नाव झाकून त्यांची झेरॉक्स महिला मंडळाच्या बैठकीला घेऊन यावे.